मॅडम, मी तुमच्या ताब्यात जाईन ना?

मी संमोहनानं उपचार करते. संमोहनाचा विषय निघाला की समोरचं माणूस तीन प्रश्न विचारतं. कधी उघड, कधी आडून. मी भलतंसलतं बोलून बसेन का? जागच आली नाही तर? आणि तुम्ही सांगाल ते मला करावंच लागेल का? गेल्या महिन्यात आठ दिवसांत चौघांनी हेच विचारलं, त्यातल्या एक तर स्वतः नर्स होत्या. म्हणून सुमनताईंची हकीकत सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची संमती आहे.

सुमनताई 52 वर्षांच्या, शाळेत मराठी शिकवायच्या. कमरेतून निघून पोटरीपर्यंत उतरणारी कळ आठ महिने अंगावर काढलेली. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला होता. एकदा त्या दारातूनच परत आल्या. दुसऱ्यांदा मंगळसूत्र, बांगड्या काढून टेबलावर आडव्या झाल्या, टेबल आत सरकू लागलं आणि त्या ओरडतच उठल्या. "जिवंत गाडतायत असं वाटलं," त्या म्हणाल्या. शेजारी बसलेले यजमान समजुतीच्या सुरात म्हणाले, "अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. डोळे मिटून पडून राहायचं." ताईंनी मान खाली घातली.

यजमानांची आणखी एक विनंती होती. "मॅडम, संमोहनानं कळच घालवून टाका ना, मग मशीनची भानगडच नको." त्याला मी स्वच्छ नकार दिला. दुखणं कशाचं आहे हे डॉक्टरांना कळण्याआधी ते सूचनेनं दाबून टाकणं धोक्याचं. संमोहनानं वेदना कमी करता येते, म्हणूनच ती कुणाची आणि कधी कमी करायची याचा विचार आधी करावा लागतो.

यजमान बाहेर गेल्यावर ताईंनी खरी गोष्ट सांगितली. लहानपणी गावच्या गणपतीत संमोहनाचा प्रयोग झाला होता. त्यांचे गणिताचे सर स्टेजवर गेले आणि सफरचंद समजून कांदा कचाकचा खाल्ला. सगळं गाव हसलं. दुसऱ्या दिवसापासून पोरं सरांच्या पाठीमागे 'कांदा, कांदा' करायला लागली.

"मॅडम, मी तुमच्या ताब्यात जाईन ना?"

स्टेजवरचा प्रकार कसा घडतो ते मी त्यांना सांगितलं. प्रयोग करणारा आधी सगळ्या प्रेक्षकांना एखादी सोपी सूचना देतो. बोटं एकमेकांत गुंतवा, आता ती सुटणार नाहीत, अशी. ज्यांची बोटं खरंच अडकतात आणि जे हौसेनं पुढे येतात, तेवढेच वर घेतले जातात. म्हणजे निवड आधीच झालेली असते. वर गेलेल्या माणसाला गंमत करायला आपण आलोय हे माहीत असतं, समोर गर्दी असते, टाळ्या असतात. माझ्या खोलीत यातलं काहीच नसतं. एक आरामखुर्ची, एक पंखा आणि आम्ही दोघी.

इथे मला नेहमी आपल्या शेजारच्या गोव्यातला एक माणूस आठवतो. आबे फारिया, जन्म 1756, कांदोळीचा. त्या काळात युरोपात मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या शिकवणीचा दबदबा होता. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून चुंबकासारखा काही प्रवाह निघतो, असं मानलं जायचं. पॅरिसमध्ये या गोव्याच्या धर्मगुरूनं ठामपणे सांगितलं की माझ्या हातात काही नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. माझी सगळी प्रॅक्टिस या एका वाक्यावर उभी आहे. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. हात पसरलेले फारिया आणि त्या हातांखाली कलंडलेली स्त्री. पुतळा देखणा आहे, पण पाहणाऱ्याला वाटतं की शक्ती त्या हातांत आहे. फारियांचं म्हणणं नेमकं उलट होतं.

'हिप्नॉटिझम' या शब्दानंही घोटाळा वाढवला. मँचेस्टरमध्ये काम करणाऱ्या जेम्स ब्रेड या स्कॉटिश सर्जननं 1840च्या दशकात तो रूढ केला, झोप या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. पुढे ही झोप नव्हे, एका कल्पनेवर खिळलेलं लक्ष आहे, हे ब्रेडच्या लक्षात आलं आणि त्यानं नाव बदलायचा प्रयत्नही केला. पण जुनाच शब्द टिकला. झोपच नाही, तर जाग न येण्याचा प्रश्न कुठला? मी मध्येच गप्प बसले तर माणूस थोड्या वेळानं स्वतःच डोळे उघडतं, किंवा साधी झोप लागून नेहमीसारखं उठतं.

दुसऱ्या भेटीत सुरुवात केली. समोरच्या भिंतीवर, नजरेपेक्षा जरा वर, एक ठिपका आहे. त्याकडे पाहत राहायचं, पापण्या जड झाल्या की मिटू द्यायच्या. याला आम्ही इंडक्शन म्हणतो, म्हणजे संमोहनात शिरण्याची पायरी. ब्रेड याच कामासाठी आपल्या शस्त्रांची चकचकीत डबी रुग्णाच्या कपाळाच्या वर धरायचा. ताईंच्या पापण्या मिटल्या, खांदे सैल झाले. मग डीपनिंग, म्हणजे ती अवस्था आणखी गहिरी करणं. त्यासाठी पायऱ्यांची कल्पना सर्रास वापरतात. मीही म्हणाले, "तुम्ही एका जिन्यावर उभ्या आहात. दहा पायऱ्या खाली उतरायच्या आहेत. दहा... नऊ... आठ..."

आठवर त्यांचा श्वास अडकला. मिटल्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या, "नको. खाली नको." आणि डोळे उघडले.

"सॉरी मॅडम. मी सगळं मोडलं का?"

मी थोडा वेळ बोलले नाही. खाली उतरणं म्हणजे त्यांच्यासाठी पुन्हा गाडलं जाणं होतं. आधी विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नव्हतं. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट माझ्यासमोर घडून गेली होती.

"ताई, आत्ता तुम्ही काय केलंत?"

"घाबरले."

"त्याआधी?"

त्या विचारात पडल्या. "नको म्हणाले."

"कुणाला?"

"तुम्हाला." आणि मग हळूच, "संमोहनात असताना. म्हणजे मी... नको म्हणू शकते?"

अनेक वर्षं हे काम करतेय, पण या प्रश्नाएवढा नेमका प्रश्न मला क्वचितच कुणी विचारलाय. पहिल्या भेटीपासून मी तासभर बोलून जे पटवू शकले नव्हते, ते त्यांच्या दोन शब्दांनी त्यांना पटलं. त्या घटकेला मला उमगलं की मशीनची भीती आणि संमोहनाची भीती वेगळ्या नव्हत्याच. आपलं 'नको' कुणी ऐकणार नाही, ही एकच भीती दोन ठिकाणी उभी होती.

"मशीनमध्ये तुमच्या हातात रबरी फुगा देतात ना?" मी विचारलं.

"दिला होता. कशासाठी ते लक्षच दिलं नाही."

"तो दाबला की बाहेर घंटा वाजते आणि ते तुम्हाला बाहेर काढतात. तो फुगा म्हणजे तुमचं 'नको'."

मग जिना सोडून दिला. "तुम्हाला सगळ्यांत सैल कुठे वाटतं?" विचारल्यावर त्या क्षणात म्हणाल्या, "आजोळी. पडवीतला झोपाळा." त्याची कडी करकरायची. आजोबा तेल घालायला निघाले की आजी अडवायची, "राहू दे, त्या आवाजाशिवाय पोरांना झोप लागत नाही." हे ऐकलं आणि मी वहीत 'करकर' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. ठकठक, घरघर असे मोठमोठे आवाज काढणाऱ्या मशीनसाठी याहून चांगलं काय मिळणार होतं?

सूचना तयार करताना मी दोन गोष्टी पाळते. 'घाबरू नका' म्हणायचं नाही, कारण त्यातला 'घाबर'च मनात घुमत राहतो. आणि सूचना समोरच्याच्या घरातल्या भाषेत हवी. फारियांचीच एक गोष्ट सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले आणि त्यांची वाचाच बसली. तेव्हा वडील कोकणीत पुटपुटले, समोर बसलेली ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी! आणि मुलगा घडाघडा बोलू लागला. ताईंची सूचना आम्ही दोघींनी मिळून लिहिली: 'टेबल सरकलं की माझा पाय जमिनीला रेटा देतो आणि झोपाळा निघतो. आवाज येतो तसतसं अंग सैल पडतं.' संमोहनात दिलेली आणि नंतर, ठरलेल्या वेळी काम करणारी ही सूचना. सोबत डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर टेकवण्याची खूण, तिला अँकर म्हणतात. उजवा हात फुग्यासाठी मोकळा ठेवला.

हे सगळं त्यांनी स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केलं. माझा आवाज मी मुद्दाम दिला नाही. रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं, दोन आठवडे त्यांनी स्वसंमोहनाचा सराव केला.

पहिला प्रश्न राहिला, भलतंसलतं बोलण्याचा. संमोहन म्हणजे खरं वदवून घेण्याचं औषध नाही. गुपित राखायचं असेल तर ते राखता येतं, खोटंही बोलता येतं. उलट धोका निराळा आहे. संमोहनात आठवलेलं सगळं खरंच घडलेलं असतं असं नाही, कल्पना त्यात बेमालूम मिसळते आणि माणसाची खात्री मात्र वाढते. म्हणून हरवलेले दागिने शोधणं, पूर्वजन्म पाहणं ही कामं मी घेत नाही. भास होणाऱ्या, गंभीर मनोविकाराचे उपचार चालू असलेल्या व्यक्तीनं आधी मनोविकारतज्ज्ञांना विचारावं. आणि संमोहनाच्या भरवशावर कुठलीही गोळी बंद करू नये. कुणी तसं सांगितलं तर तिथून उठून यावं.

एका गुरुवारी दुपारी ताईंचा फोन आला. तपासणी पूर्ण झाली होती.

"फुगा दाबावा लागला?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पण शेवटपर्यंत हातातून सोडला नाही."