वाचकांचे प्रश्न: प्रो बॉक्सिंगमधला पैसा नक्की जातो कुठे?

प्रश्न: मुलगा 19 वर्षांचा आहे, ठाण्यात क्लबला बॉक्सिंग करतो, राज्य स्पर्धा खेळलाय. आता एक गृहस्थ मागे लागलेत की त्याला प्रो करा, पाच वर्षांचा करार, मॅनेजर पण मीच आणि फाइट लावणार पण मीच, वर पहिल्या फाइटची तिकिटं आम्हीच खपवायची. मिस्टर म्हणतात करून टाकू सही, विजेंदर पण असाच मोठा झाला. काय करू?
– एक आई, ऐरोली

उत्तर: ताई, आधी सही थांबवा, आणि कागद वकिलाला दाखवा, ओळखीतल्या नको, करारमदार बघणाऱ्या.

बघा, मॅनेजर म्हणजे तुमच्या पोराचा माणूस, त्याने पर्स, म्हणजे फाइटचे बॉक्सरला मिळणारे पैसे, जास्तीत जास्त मागायची. प्रमोटर शो लावतो, हॉल घेतो, टीव्हीवाल्यांशी बोलतो, त्याला पर्स जितकी कमी द्यावी लागेल तितकं बरं. ह्या दोघांचं भांडण व्हायलाच पाहिजे, त्यातूनच पोराचा आकडा ठरतो, आणि दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसला तर तो भांडणार कोणाशी, आरशाशी? अमेरिकेत ह्याच भानगडींपायी 2000 साली मोहम्मद अलीच्या नावाने कायदा झाला. प्रमोटरचा मॅनेजरच्या धंद्यात आणि मॅनेजरचा प्रमोटरच्या धंद्यात पैशाचा संबंध नको, आणि त्या फाइटमधून प्रमोटरने किती कमावलं ते बॉक्सरला सांगायचं. मेख अशी की ही मनाई 10 किंवा जास्त राउंडच्या फाइटपुरतीच आहे, म्हणजे चार-सहा राउंड खेळणारी नवखी पोरं, ज्यांना जास्त गरज, तीच बाहेर. आणि अमेरिकेचा कायदा काय ऐरोलीत चालत नाही, त्यामुळे जे हवं ते करारातच लिहून घ्यावं लागणार.

हेवीवेट चॅम्पियन माइक टायसनचंच घ्या. डॉन किंग त्याचा प्रमोटर, आणि टायसनचे मॅनेजर होते ते किंगच्याच जवळचे. 1998 ला टायसनने किंगवर 10 कोटी डॉलरचा दावा ठोकला, 2003 ला स्वतः दिवाळखोरीत गेला, आणि 2004 ला तडजोड झाली ती 1 कोटी 40 लाखांवर. जगातल्या सगळ्यात भीतीदायक माणसाची ही गत, तर 19 वर्षांच्या पोराची काय होईल!

विजेंदरचं म्हणाल तर तो 2008 ला बीजिंगचं ब्राँझ घेऊन आला, घराघरात नाव झालं, मग 2015 ला इंग्लंडच्या क्वीन्सबेरी प्रमोशन्सबरोबर प्रो झाला. बॉक्सर निशांत देव पण पॅरिस ऑलिम्पिक खेळून मग 2025 ला मॅचरूम ह्या प्रमोटर कंपनीकडे गेला. नाव आधी, सही नंतर. आणि विजेंदर हरियाणा पोलिसात डीएसपी होता, प्रो झाल्यावर त्या नोकरीचा विषय कोर्टापर्यंत गेला होता, हे मिस्टरांना आवर्जून सांगा. रेल्वे, पोलीस, आर्मीत स्पोर्ट्स कोट्याची नोकरी मिळते ती अमॅच्युअर मेडलवर, म्हणून प्रो झाल्यावर परत अमॅच्युअर खेळता येईल का, हे फेडरेशनला लेखी विचारा, तोंडी नको.

हिशोब पण मांडून बघा. अमेरिकेत काही राज्यांत मॅनेजरचा वाटा पर्सच्या एक तृतीयांशपर्यंत जाऊ शकतो, ट्रेनरला साधारण 10 टक्के. एक लाखाची पर्स धरली तर हातात 57 हजारांच्या आसपास, त्यातून प्रवास, मेडिकल, खाणं. तिकिटं पोराने विकायची ही पद्धत इंग्लंडमधल्या छोट्या हॉलच्या शोमध्ये पण चालते, त्यात गुन्हा नाही, पण मग विकलेल्या तिकिटांवर त्याचं कमिशन किती, न खपलेल्या तिकिटांचे पैसे कोणी भरायचे हे लिहिलेलं हवं. वर्षाला किमान किती फाइट मिळणार, आणि नाही मिळाल्या तर पोरगं मोकळं होणार का, हे पण. जखम झाली तर दवाखान्याचं बिल कोणाचं? आणि पैसे भरून करारातून सुटायची सोय ठेवा. अमेरिकन बॉक्सर मेवेदरने 2006 ला साडेसात लाख डॉलर भरून टॉप रँक ह्या प्रमोटर कंपनीकडून स्वतःला सोडवून घेतलं, आणि 2015 च्या पॅक्वियाओ फाइटपर्यंत तो स्वतःच मालक झालेला होता.

मुलाला विचारलंत का हो कोणी, त्याला काय हवंय?

प्रश्न: एकाच वजनात चार-चार वर्ल्ड चॅम्पियन कसे?
– एक वाचक, पाचपाखाडी

उत्तर: कारण बेल्ट वाटणाऱ्या संघटनांची दुकानं चार आहेत, डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. टायटल फाइट झाली की बॉक्सरच्या पर्समधून फी कापतात, साधारण 3 टक्के. मग बेल्ट जितके जास्त तितकी वसुली जास्त, म्हणून इंटरिम, सुपर, रेग्युलर असले प्रकार निघाले. आयबीएफच्या संस्थापकावर तर 1999 ला रँकिंगसाठी लाच घेतल्याचा खटला झाला, 2000 मध्ये काही आरोपांत तो दोषी ठरला.

प्रश्न: सौदीच्या पैशाने बॉक्सिंगची वाट लागली असं नाही का वाटत तुम्हाला?
– एक वाचक, कळवा

उत्तर: अर्धं वाटतं. राजसत्तेचा पैसा बॉक्सिंगला काही नवा नाही, 1974 ला अली-फोरमन फाइट आफ्रिकेत किन्शासाला झाली ती तिथला हुकूमशहा मोबुतूने दोघांना प्रत्येकी 50 लाख डॉलर देऊ केले म्हणून, आणि पुढच्याच वर्षी मनिलात फिलिपीन्सचा हुकूमशहा मार्कोस होता. त्याच्याही आधी अमेरिकेत माफिया होता, बॉक्सर जेक लामोटाने 1960 ला सिनेटच्या समितीसमोर कबूल केलं की 1947 ची फाइट मुद्दाम हरलो, कारण त्याशिवाय टायटलची संधी मिळत नव्हती. मग टीव्हीचं राज्य आलं, ते पण गेलं, एचबीओ चॅनलने 2018 ला आणि शोटाइम चॅनलने 2023 च्या शेवटी बॉक्सिंग बंद केलं. त्या रिकाम्या जागेत रियाध आलं.

खरं सांगायचं तर प्रमोटर लोक जी फाइट वर्षानुवर्षं टाळत होते ती सौदीच्याच पैशाने झाली, फ्यूरी-उसिक मे 2024 ला, आणि 1999 नंतर पहिल्यांदा हेवीवेटला एकच मालक मिळाला. प्रेक्षक म्हणून मी खूश होतो, मानवी हक्कांचा विषय डोक्यात असूनही, आता काय करणार. मला टोचतं ते वेगळंच. ज्यांनी ह्या फाइट लावल्या त्याच सौदीच्या तुर्की अलालशेख ह्यांनी 1922 पासूनचं 'द रिंग' मासिक 2024 ला विकत घेतलं, म्हणजे शो पण तुमचा आणि शोवर लिहिणारा पण तुमचा. आणि 2025 ला यूएफसी, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या फाइट लावणारी कंपनी, तिची मालक कंपनी टीकेओ सौदीच्या सेला कंपनीबरोबर बॉक्सिंगमध्ये उतरली. त्याच वर्षी अमेरिकन संसदेत एक बिल आलं, परत अलीच्याच नावाने बरं का, की एकाच कंपनीला फाइट लावणं, रँकिंग आणि बेल्ट सगळं करू द्यावं. यूएफसीत हेच चालतं, तिथल्या जुन्या फायटर्सनी कमाई दाबल्याचा दावा लावला आणि 2024 ला 37.5 कोटी डॉलरवर तडजोड झाली. चार बेल्टचा गोंधळ वैतागवाणा आहे, पण बॉक्सरला निदान चार दारं तरी आहेत ठोठवायला.

प्रश्न: जेक पॉल-टायसन हे बॉक्सिंग होतं की नाटक? माझे सर म्हणतात असलं बघू पण नको.
– एक बॉक्सर मुलगी, कोपरखैरणे

उत्तर: सरांचं चिडणं कळतं मला, 58 वर्षांच्या टायसनला 27 वर्षांच्या यूट्यूबर जेक पॉलसमोर उभं केलं, टेक्सासने लायसन्स दिलं, आणि 2 मिनिटांचे 8 राउंड ढकलले. मला ते बघवलं नाही. पण त्याच रात्री केटी टेलर आणि अमांडा सेरानो ज्या लढल्या ते बघितलंस का? नसेल तर आजच बघ, सरांना पण दाखव. आपला नीरज गोयत पण त्याच कार्डवर होता, ब्राझीलच्या एका कॉमेडियनला हरवलं त्याने, आणि इतकी वर्षं खऱ्या बॉक्सरशी लढून मिळाले नाहीत इतके प्रेक्षक त्याला त्या एका रात्री मिळाले, ह्याला काय म्हणायचं ते तूच ठरव. आणि एक, जेक पॉल नुसता फायटर नाही, सेरानोचा प्रमोटर पण त्याचीच कंपनी आहे, त्यामुळे त्याला यूट्यूबर म्हणून सोडून देऊ नकोस, सही कोणाकडे आहे ते बघत जा.