वाचकांचे प्रश्न : समुद्राच्या तळाशी कॅमेरा नेताना

प्रश्न : आम्ही सोलापूरचे चौघे मित्र. तारकर्लीला स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स केला आहे. श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ बुडालेल्या ‘हर्मिस’ या ब्रिटिश विमानवाहू नौकेचं चित्रीकरण करायचं आहे. तयारी कशी करावी?

उत्तर : बेत मनापासून आवडला, पण सुरुवात ‘हर्मिस’पासून करू नका. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी बुडवलेली ही नौका सुमारे ५३ मीटर खोल आहे. तुमच्या कोर्सची मर्यादा १८ मीटर, त्यापुढच्या ॲडव्हान्स्ड कोर्सची ३० आणि हौशी डायव्हिंगची शेवटची हद्द ४०. पन्नाशीच्या खाली साध्या हवेतला नायट्रोजन डोक्यात भिनतो आणि गेजवरचा आकडा वाचूनही त्याचा अर्थ लागत नाही. तिथे श्वासासाठी हेलियम मिसळलेला वायू, म्हणजे ट्रायमिक्स, आणि वर येताना ठरलेले थांबे हवेत. ते वेगळं, लांबलचक प्रशिक्षण आहे.

हवेचा हिशेब तर त्याहून बोलका आहे. वर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला ५३ मीटरवर १२६ लिटर लागते, कारण तिथला दाब ६.३ पट असतो. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला २४०० लिटर मावतात. म्हणजे अवघी १९ मिनिटं, तीही परतीसाठी काहीच न राखता.

त्याऐवजी त्याच दिवशी बुडालेलं ‘ब्रिटिश सार्जंट’ हे तेलवाहू जहाज घ्या. ते पासिकुडाजवळ सुमारे २४ मीटरवर आहे. तिथे मिनिटाला ६८ लिटर लागतात. ५० बार राखून ठेवले तरी २६ मिनिटं मिळतात. ३२ टक्के ऑक्सिजनचा निट्रॉक्स, म्हणजे जादा ऑक्सिजनचं हवेचं मिश्रण, वापरा, पण त्याने हवा जास्त वेळ पुरत नाही, फक्त अंगात नायट्रोजन कमी साठतो, एवढं पक्कं लक्षात ठेवा. त्या मिश्रणाची मर्यादा सुमारे ३३ मीटर. त्याखाली ऑक्सिजनच घातक ठरतो, पोहतानाच झटके येऊ शकतात.

श्रीलंकेचा पूर्व किनारा साधारण एप्रिल-मे ते सप्टेंबर शांत असतो, तर पावसाळ्यात तारकर्ली बंद. म्हणून ॲडव्हान्स्ड आणि निट्रॉक्स हे दोन्ही कोर्स मेच्या आत उरका.

प्रश्न : दर वेळी तारकर्ली परवडत नाही. उजनीत सराव केला तर?

उत्तर : नको. पाणी गढूळ, तळाला जाळी आणि झाडांचे बुंधे. शिवाय उजनीची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून जवळजवळ ४९७ मीटर. ३०० मीटरच्या वर डायव्हिंगचे नेहमीचे, किती खोल किती वेळ राहायचं ते सांगणारे तक्ते चालत नाहीत. शरीर पाण्यात स्थिर ठेवणं, फिन (पायातले पंखे) बेडकासारखी मारणं हे सोलापुरातल्या पोहण्याच्या तलावातही पक्कं होतं, आणि चित्रीकरणाचा निम्मा दर्जा त्यावरच ठरतो. फिन वरखाली मारली की तळाचा गाळ उठतो आणि पुढची वीस मिनिटं काही दिसत नाही.

तारकर्लीहून परतताना मात्र घाई करू नका. आंबोली घाटमाथा ७०० मीटरच्या आसपास आहे, आणि अंगात साठलेल्या नायट्रोजनचे उंचीवर बुडबुडे होतात, म्हणून इतकी उंची विमानप्रवासासारखीच धरतात. एकच डाइव्ह असेल तर १२ तास, अनेक दिवसांच्या असतील तर १८ तास खालीच मुक्काम करा. दुपारी डाइव्ह आणि रात्री घाट, यात सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं.

प्रश्न : कॅमेऱ्यात सगळं हिरवंनिळं येतं, वर पांढरे ठिपके. उपाय?

उत्तर : लाल रंग पहिल्या पाच-सात मीटरमध्येच बराचसा गळतो. दर चार-पाच मीटरला पांढरी पाटी धरून व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे पांढरा रंग कोणता ते कॅमेऱ्याला दाखवा. दिव्याचा उपयोग वस्तूपासून मीटर-दीड मीटरपर्यंतच. म्हणून वाइड लेन्स घेऊन जवळ जा. ठिपके पडतात ते दिवे लेन्सलगत असल्याने, कारण उजेड मधल्या कणांवर आपटून परततो. दिव्यांचे हात दोन्ही बाजूंना पसरवा, तोंडं किंचित बाहेर वळवा.

हाउसिंगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीत, पाणी शिरतं ते बहुधा ओ-रिंगवरच्या (झाकणाच्या रबरी कड्यावरच्या) एका केसामुळे किंवा वाळूच्या कणामुळे. रिंग काढून बोटाने चाचपा, खाच पुसा, सिलिकॉन ग्रीस चकाकी येण्यापुरतंच लावा. जास्त लावलं तर तेच कचरा ओढतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत हाउसिंग बंद केलं की थंड पाण्यात काच आतून धुरकटते. ते एसीच्या खोलीत, सिलिका जेलची पुडी घालून बंद करा. मग हातपंपाने आतली हवा ओढून अर्धा तास ठेवा. गेजचा काटा हलला तर त्या दिवशी कॅमेरा पाण्यात न्यायचा नाही.