स्पॅनिश शिकण्यासाठी परदेशी जावे का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याबरोबरच रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात स्पॅनिश शिकते. सध्या माझी ए2 पातळी (भाषेच्या ए1, ए2, बी1, बी2, सी1, सी2 अशा चढत्या युरोपीय पातळ्यांपैकी दुसरी) पूर्ण होत आली आहे. एवढी आवड आहे तर तीन महिने स्पेनला जाऊन ये, असे आई-बाबांचे म्हणणे आहे. एका सल्लागाराने बार्सिलोनातील एक अभ्यासक्रम सुचवला असून राहण्याची सोय भारतीय मुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये होणार आहे. जावे का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : जरूर जा, पण लगेच नको, आणि या सोयीने तर मुळीच नको.

परदेशात राहिल्याने भाषा आपोआप येते, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. प्रत्यक्षात, दिवसाचे किती तास तुम्हाला स्पॅनिशशिवाय गत्यंतर नसते, यावर सगळे अवलंबून असते. सकाळी चार तास वर्ग, मधल्या सुट्टीत निरनिराळ्या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांशी इंग्रजीत गप्पा आणि संध्याकाळी फ्लॅटवर मराठी-हिंदी, असा दिवस गेला, तर बार्सिलोनात राहूनही पुण्यापेक्षा फार जास्त स्पॅनिश तुमच्या कानावर पडणार नाही. शिवाय बार्सिलोनात कातालान भाषाही रोजच्या व्यवहारात आहे. दुकानांच्या पाट्यांपासून विद्यापीठातल्या अनेक तासिकांपर्यंत ती भेटते. शहर सुंदर आहे आणि कातालान शिकण्याजोगीच भाषा आहे, पण ज्याला तीन महिन्यांत केवळ स्पॅनिश पक्की करायची आहे, त्याने सालामांका, वायादोलिद, ग्रानादा यांसारखी मध्यम आकाराची विद्यापीठाची शहरे आधी पाहावीत. सालामांकाचे विद्यापीठ 1218 पासूनचे आहे, आणि परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवणे हा त्या शहराचा एक मोठा व्यवसायच आहे. अशा शहरांत सारे काही चालत जाण्याच्या अंतरावर असते, त्यामुळे तोच भाजीवाला आणि तीच कॉफी देणारी बाई रोज भेटते, आणि दुसऱ्या आठवड्यापासून ती माणसे तुमच्याशी आपणहून बोलू लागतात.

राहायचे मात्र स्थानिक कुटुंबातच. या एका बाबतीत तडजोड करू नये, असे मी आग्रहाने सांगेन, मग त्यासाठी अभ्यासक्रम थोडा साधा निवडावा लागला तरी चालेल. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन-तीनच्या सुमारास आणि रात्रीचे नऊनंतर होते, आणि जेवण संपले तरी कोणी लगेच उठत नाही. आपल्याकडे पंगतीत हात वाळेपर्यंत गप्पा चालतात, तसेच तिथेही ताटल्या समोर तशाच ठेवून तासभर बोलणे चालू राहते. त्याला तिथे ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. घरातली आजी तिच्या गावाच्या जत्रेची हकिगत सांगते, मध्येच मुलगा तिला दुरुस्त करतो, सून तिसरेच काही सांगते, आणि तुम्ही भाकरीसारख्या जाड पावाचा तुकडा हातात धरून तिघांचे बोलणे पकडू पाहत असता. पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत विभागलेले दोन भूतकाळ इथे एकाच वाक्यात एकमेकांना खेटून येतात. मराठी माणसाला ते उमगणे तुलनेने सोपे जाते. ‘पूर्वी इथे बाजार भरायचा, पण त्या वर्षी भरला नाही’ या वाक्यातल्या ‘भरायचा’ आणि ‘भरला’मधला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही, आणि स्पॅनिशमधला फरक बराचसा त्याच धाटणीचा आहे. ‘मला आंबे आवडतात’ या वाक्यात क्रियापद आंब्यांप्रमाणे चालते. स्पॅनिशमध्येही आवडीचे वाक्य तसेच बांधतात. म्हणून स्पॅनिश शिकताना मनातल्या मनात इंग्रजीतून जाऊ नका, थेट मराठीतून जा. वर्गात इंग्रजी माध्यमाची पुस्तके वापरली जात असल्याने आपली मुले हा जवळचा रस्ता सोडून लांबचा वळसा घेतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता ‘लगेच नको’ असे का म्हटले, ते सांगतो. ए2 पातळीवर जेवायला बसा, उद्या पाऊस आहे, बस कुठून सुटते, एवढे कळते आणि बोलता येते. पण वर वर्णन केलेल्या गप्पा डोक्यावरून जातात. समोरचा माणूस चांगल्या मनाने दोनदा हळू बोलतो, तिसऱ्यांदा इंग्रजीचा आधार घेतो किंवा नुसता हसून गप्प राहतो. बी1 पातळीवर चित्र पालटते. शब्द अडला तरी आडवळणाने सांगून संभाषण पुढे नेता येते, आणि एकदा संभाषण टिकले की माणसे तुम्हाला सूट देणे बंद करतात, जे शिकण्याच्या दृष्टीने फार मोलाचे असते. बी1पर्यंतचे व्याकरण पुण्यात उत्तम शिकता येते आणि तेही स्पेनमधील शुल्काच्या मानाने फारच थोड्या खर्चात. जे इथे मिळते त्यासाठी तिथे युरो मोजू नयेत. बी.कॉम.चे तिसरे वर्ष संपेपर्यंत बी1 पूर्ण करा आणि मग जा, म्हणजे पदवीच्या परीक्षेचा घोरही डोक्यावर राहणार नाही.

कालावधीचा विचारही त्याच वेळी करा. नव्वद दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे स्पेनसह युरोपातील अनेक देशांसाठीचा सामाईक व्हिसा, चालतो. त्याहून अधिक राहायचे तर विद्यार्थी व्हिसा लागतो, आणि आपल्याकडच्या अर्जदारांची प्रकरणे मुंबईतील स्पेनच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. विद्यार्थी व्हिसासाठी अभ्यासक्रम आठवड्याला किमान वीस तासांचा असावा लागतो, वैद्यकीय विमा लागतो आणि खर्चाची ऐपत दाखवावी लागते. तिचे प्रमाण स्पेनच्या ‘इप्रेम’ या उत्पन्नाच्या सरकारी निर्देशांकावर ठरते आणि 2023 पासून तो महिन्याला 600 युरो आहे. माझ्या मते तीन महिन्यांऐवजी पाच महिन्यांचे एक पूर्ण सत्र अधिक उपयोगाचे ठरते. सुरुवातीचे बरेच आठवडे कान तयार होण्यातच जातात, आणि खरे बोलणे सुरू होते न होते तोच परतीचे तिकीट समोर येते.

तुम्ही शाकाहारी असल्याचे पत्रात शेवटी लिहिले आहे, म्हणून एवढे लक्षात ठेवा : नुसते ‘मांस नको’ म्हटले तर सॅलडवर ट्यूना मासा किंवा भाजीत हामोनचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे येऊ शकतात, कारण पुष्कळांच्या लेखी ते ‘मांस’ या शब्दात मोडत नाहीत. मांस, मासे आणि हामोन ही तिन्ही नावे घेऊन नकार द्यायचा. कुटुंब निवडतानाच अर्जात हे स्पष्ट लिहावे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी इथल्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला असून स्पॅनिश तिचा दुय्यम विषय आहे. विद्यापीठाने एक सत्र माद्रिदला जाण्याचे दोन पर्याय दिले आहेत : एकात अमेरिकन विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गट, स्वतंत्र प्राध्यापक आणि एकत्र वसतिगृह आहे, दुसऱ्यात थेट तिथल्या विद्यापीठात नाव नोंदवायचे. पहिला सुरक्षित वाटतो. तुमचे मत काय?
– एक पालक, एडिसन

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, पण मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे. पहिल्या प्रकारच्या गटातली मुले सत्रभर एकमेकांतच राहतात, शनिवार-रविवारी एकत्र लिस्बन किंवा पॅरिस गाठतात आणि परत येताना त्यांच्याकडे सुंदर आठवणी असतात, भाषा मात्र थोडकीच. यात मुलांचा दोष नाही. सभोवती इंग्रजी असताना इंग्रजीतच बोलणे स्वाभाविक आहे. म्हणूनच व्हरमाँटमधील मिडलबरी कॉलेजच्या उन्हाळी भाषाशाळांत विद्यार्थ्यांकडून लेखी वचन घेतात की, अभ्यासक्रम संपेपर्यंत शिकायच्या भाषेखेरीज अन्य भाषेत बोलणार नाही. या शाळा 1915 पासून चालू आहेत आणि स्पॅनिश शाळा 1917 ची आहे. अमेरिकेतल्या अमेरिकेत राहूनही तिथे जे साधते, ते माद्रिदच्या इंग्रजी वसतिगृहात साधत नाही.

थेट प्रवेश घेताना मुलीची पातळी बी2च्या आसपास आहे ना, एवढे तिच्या प्राध्यापकांकडून पारखून घ्या, कारण वर्गात इतिहास किंवा अर्थशास्त्र स्थानिक मुलांच्या वेगाने शिकवले जाईल. श्रेयांक आपल्या विद्यापीठात ग्राह्य धरले जातील, याची लेखी हमी निघण्यापूर्वीच घ्यावी. राहण्याच्या बाबतीत पुण्याच्या वाचक मुलीला जे सांगितले, तेच इथे लागू आहे, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही विद्यापीठाने पारखलेले कुटुंब मला वसतिगृहापेक्षा अधिक भरवशाचे वाटते.

आणखी एक सुचवतो. तुमच्या एडिसनपासून अगदी जवळच्या पर्थ अँबॉयमध्ये बहुसंख्य वस्ती स्पॅनिशभाषक घरांची आहे. जाण्याआधीच्या महिन्यांत तिने तिथल्या एखाद्या ग्रंथालयात किंवा मुलांच्या शिकवणीत आठवड्याला काही तास स्वयंसेवक म्हणून काम करावे. तिथले उच्चार दोमिनिकन आणि पोर्तो रिकोच्या वळणाचे असतील, शब्दाच्या शेवटचा ‘स’ पुष्कळदा गळेल, आणि माद्रिदमध्ये वेगळेच कानावर पडेल. त्याने काही बिघडत नाही. वीस देशांची राजभाषा असलेली स्पॅनिश एकाच सुरात बोलली जाणे शक्यच नाही. ‘शुद्ध स्पॅनिश अमुक गावाची’ असे सांगणारे तिथेही भेटतात. पुण्याच्या मराठीविषयी असे बोलणे ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांनी तरी ते मनावर घेऊ नये.

प्रश्न : परदेशी जाण्याची ऐपत नाही. घरी राहून असे वातावरण तयार करता येते का?
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : येते, पण शिस्त तुमची स्वतःची लागते. रोज ठरलेल्या एका तासाला स्पेनच्या सार्वजनिक प्रसारण सेवेचे, म्हणजे आर.टी.व्ही.ई.चे रेडिओ कार्यक्रम इंटरनेटवर ऐका, आणि त्यातली दोन मिनिटे पुन्हा पुन्हा ऐकून शब्दन् शब्द लिहून काढा. वर्गातल्या दोघा-तिघांशी मिडलबरीसारखा करार करा : आठवड्यातली एक संध्याकाळ इंग्रजी, मराठी, हिंदी काहीही नाही, अडले तरी हातवारे करून स्पॅनिशच. मराठी शिकू पाहणारी किंवा भारताविषयी कुतूहल असलेली लॅटिन अमेरिकन व्यक्ती भाषा-विनिमयासाठी ऑनलाइन मिळू शकते. अर्धा तास तिची भाषा, अर्धा तास तुमची.

पातळी सिद्ध करायची झाल्यास दिल्लीतील इन्स्टितुतो सेर्वांतेस या स्पेनच्या शासकीय संस्थेमार्फत ‘देले’ परीक्षा देता येते आणि तिचे प्रमाणपत्र कायमचे वैध असते. संगणकावर होणाऱ्या ‘सिएले’ परीक्षेचा निकाल लवकर लागतो, पण त्याची वैधता पाच वर्षांचीच असते. पुढे एम.ए. किंवा नोकरीसाठी ‘देले’ बी2 हे लक्ष्य ठेवा, आणि बोलण्याच्या चाचणीची तयारी पहिल्या महिन्यापासून करा. बहुतेकांचे गुण तिथेच जातात.