न्यू जर्सीत तळघराचं वायरिंग आणि मिनी-स्प्लिट एसीचं काम स्वतः करतोय. रफ इन्स्पेक्शनला, म्हणजे भिंती झाकण्याआधीच्या तपासणीला, काय बघतात? त्याआधी ड्रायवॉल लावली तर चालेल का?

अजिबात लावू नका. इन्सुलेशनसुद्धा भरू नका. झाकलेलं काम इन्स्पेक्टर उघडायला लावतो, आणि त्याचं ते बरोबरच असतं.

प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण याच विषयावरून माझं आणि माझ्या मेव्हण्याचं आजही पटत नाही. मी तळघराचं वायरिंग हातात घेतलं तेव्हा तो म्हणाला, "परमिट कशाला काढतोस? टॅक्स वाढेल. आणि इंजिनिअर होऊन वायरमनची कामं कसली करतोस?" माझे वडील इचलकरंजीत वायरमन होते. मागांच्या शेडमध्ये त्यांच्या हाताखाली पाइपातून तारा ओढण्यात माझ्या शाळेच्या सुट्ट्या गेल्या. त्यामुळे ते बोलणं लागलं ते लागलंच.

इन्स्पेक्टर आला तो पॅनलकडे न जाता थेट स्विच-सॉकेटच्या बॉक्सकडे वळला. एका बॉक्समधल्या तारा बोटाने बाहेर ओढून लांबी बघितली. बॉक्समध्ये किमान 6 इंच तार मोकळी लागते. अर्थच्या तारा रफलाच एकमेकींना जोडलेल्या हव्यात; स्विच-सॉकेट नंतर. मग टॉर्च मारून तार लाकडाला धरणारे स्टेपल बघितले. क्लॅम्प नसलेल्या प्लास्टिकच्या बॉक्सपासून 8 इंचांच्या आत पहिला, पुढे दर साडेचार फुटांच्या आत एक. स्टडमधलं, म्हणजे भिंतीतल्या उभ्या लाकडातलं, तारेचं भोक कडेपासून सव्वा इंचाहून जवळ असेल तर तिथे पोलादी पट्टी लागते. जिन्याखालच्या एका भोकाचं अंतर त्याने टेपने मोजलं. पट्टी होती. "कुठे शिकलास हे?" त्याने विचारलं. म्हटलं, वडील वायरमन होते. त्याने मान डोलावली आणि मंजुरीचं स्टिकर लावलं.

मेव्हण्याने विनापरमिट तळघर बांधून काढलं. घर विकायची वेळ आली तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलाने परमिटचे कागद मागितले. मग परमिट काढा, रंगवलेलं छत जागोजागी कापा, बॉक्स दाखवा. तो अजूनही म्हणतो, वकील खडूस निघाला. अरे, त्याच छताखाली माझे भाचे इतकी वर्षं झोपत होते, त्यातले जोड कोणी तपासले होते? टॅक्सचं म्हणाल, तर तळघर राहतं केलं की थोडा वाढतो. भरायचा.

आता एसी. आउटडोर युनिटच्या नेमप्लेटवर दोन आकडे असतात: सर्किटचे किमान अँपिअर आणि जास्तीत जास्त ब्रेकर. पहिल्यावरून तार निवडा, दुसऱ्याच्या वर ब्रेकर जाऊ देऊ नका. डिस्कनेक्ट, म्हणजे युनिटची वीज तोडायचा स्विच, युनिटपासून दिसेल आणि हात सहज पोचेल असा बसवा. युनिटच्या मागे दडवलेला नापास होतो. 25 फुटांच्या आत सर्व्हिससाठी सॉकेट हवं, बाहेर असेल तर जीएफसीआय संरक्षणासह, म्हणजे वीज गळली की लगेच बंद होणारं. कंपनीचं मॅन्युअल छापून जवळ ठेवा, कारण त्यात लिहिलंय तसंच बसवणं हाही कोडचाच, म्हणजे वायरिंगच्या नियमांचाच, भाग आहे. एसीच्या गॅसच्या (रेफ्रिजरंटच्या) लाइन जोडायला आणि व्हॅक्यूम काढायला मात्र ईपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं, 608 सर्टिफिकेट असलेला माणूस बोलवा. मीही बोलावला होता.

पॅनलसमोर 3 फूट खोल आणि 30 इंच रुंद जागा मोकळी ठेवा. तळघरात नेमकी तिथेच खोकी रचलेली असतात.

एक सांगायचं राहिलं. वायरिंग स्वतः करायची ही मुभा स्वतःच्या मालकीच्या आणि स्वतः राहत असलेल्या एका कुटुंबाच्या घरापुरती आहे. भाड्याने दिलेलं घर असेल तर लायसन्सवाला इलेक्ट्रिशियनच लागेल. कोडची कोणती आवृत्ती चालू आहे ते टाउनशिपच्या इलेक्ट्रिकल सबकोड ऑफिशियलला (वायरिंगचे नियम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) फोन करून विचारा, नीट सांगतात. आणि मेन ब्रेकर बंद केला तरी मीटरकडून पॅनलमध्ये येणाऱ्या जाड तारांत वीज असतेच. तिथे हात घालायचा नाही.