एकटं बसायला आवडतं म्हणजे अँटीसोशल नव्हे गं

अगं, तुझा मेसेज वाचला, दोन ओळीत उत्तर देण्यासारखा विषय नाहीये म्हणून सविस्तर लिहितेय. गॅदरिंगला गेली नाहीस, मेसचा डबा रूमवर आणून जेवतेस, चुलत बहिणीच्या हळदीला अर्ध्या तासात आतल्या खोलीत जाऊन बसलीस, आणि सगळे म्हणाले ही ना अँटीसोशल आहे. इथवर ठीक. पण मग तू रात्री ते गुगल केलंस, अँटीसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर समोर आलं, कुठलीतरी क्विझ सोडवलीस आणि आता झोप उडालीये. तर आधी हे ऐक, तू जे जे लिहिलंयस त्यातली एकही गोष्ट त्या विकारात बसत नाही. एकही नाही.

तो विकार म्हणजे माणसांपासून लांब राहणं नाहीच मुळी. त्यात माणूस दुसऱ्याचे हक्क, पैसा, शरीर, भावना कशाचीच पर्वा करत नाही आणि हे वर्षानुवर्षं चालू असतं. मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर लोक वापरतात त्या डीएसएम-५ नावाच्या अमेरिकन पुस्तकात (२०१३ चं आहे ते) सात खुणा दिल्यात: अटक होईल अशी कृत्यं पुन्हा पुन्हा करणं, खोटं बोलून फसवणं, पुढचा विचार न करता वागणं, मारामाऱ्या, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळ, नोकरी-पैशाच्या बाबतीत कायम बेजबाबदारपणा, आणि एवढं करून पश्चात्ताप नाही. यातल्या निदान तीन लागतात. शिवाय वय १८ पूर्ण हवं, आणि १५ च्या आधीपासून कंडक्ट डिसऑर्डरची (मुलांमधल्या गंभीर वर्तन-विकाराची) लक्षणं दिसलेली हवीत म्हणजे चोऱ्या, मुक्या जनावरांना छळणं, आगी लावणं, घरातून पळून जाणं वगैरे. ही लहानपणाची अट रीलवाल्यांना बहुतेक माहीतच नसते, कारण ते सरळ ब्रेकअप झालेल्या माणसाला सायकोपाथ म्हणून मोकळे होतात. सायकोपाथी हे डीएसएममधलं स्वतंत्र निदान नाहीये, आणि ती मोजायची रॉबर्ट हेअर या मानसशास्त्रज्ञाची जी यादी आहे, २० मुद्दे, ४० गुण, ती ट्रेनिंग घेतलेला माणूस मुलाखत आणि जुने रेकॉर्ड समोर ठेवून भरतो. मोबाईलवर पाच मिनिटात नाही होत ते.

उलट यातले काही लोक चारचौघात भलतेच रमणारे असतात. हर्वी क्लेक्ली नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९४१ साली अशा पेशंटांबद्दल लिहिलं तेव्हा पहिल्याच खुणेत वरवरचं मोहक वागणं सांगितलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत तर, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, माणसांपासून अलिप्त राहणं आणि दुसऱ्यांची पर्वा नसणं हे दोन वेगवेगळे गुणधर्म म्हणून मांडलेत. तू हळदीतून उठून गेलीस आणि मग 'ताईला वाईट वाटलं असेल का' म्हणून दोन दिवस स्वतःला खात बसलीस, ते वाईट वाटणंच मला तुझ्या मेसेजमध्ये सगळ्यात ठळक दिसलं.

आता तुझ्या ग्रुपमधल्या त्या मुलाबद्दल. सगळ्यांशी गोड, सरांचा लाडका, तुझ्या रूममेटकडून पैसे घेऊन परत देत नाही आणि विचारलं की तिलाच वेडं ठरवतो. तू विचारलंस, त्याला असेल का. मला नाही माहीत, आणि तुलाही कळणार नाही. त्याची गरजही नाहीये गं. तो असं का वागतो ते शोधण्यापेक्षा तो काय करतो तेवढं बघा. पुढे एक रुपया देऊ नका, झालेले व्यवहार मेसेजमध्ये लिहून ठेवा, तिला एकटीने त्याला भेटायला लावू नका, आणि धमकी किंवा हात उचलणं असं काही झालं तर सरळ ११२ लावा. यासाठी कुणाच्या निदानाची वाट बघायची नसते.

लेबल लावायला मी एवढी का घाबरते तेही सांगते. २००२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १२ देशांतल्या साधारण २३,००० कैद्यांवरच्या सर्व्हेंचा आढावा आला, त्यात पुरुष कैद्यांपैकी ४७ टक्क्यांना हे निदान होतं. वाचून वाटतं की बघा, गुन्हेगार म्हणजे हाच विकार. पण कायदा मोडणं हीच निदानाची एक खूण आहे, मग तुरुंगात ते जास्त सापडणारच ना, आणि जिथे जगायलाच मारामारी करावी लागते तिथल्या पोरांना हे नाव चुकीचं चिकटू शकतं असं डीएसएम स्वतः बजावतं. आपल्याकडे तर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, कायदा १९५२ ला गेला, पण चोरी झाली की पोलीस आजही आधी पारध्यांच्या पालावर जातात. स्वभावावर मारलेला शिक्का किती पिढ्या टिकतो ते महाराष्ट्रात राहून तरी आपण विसरू नये.

आणि शिक्का कायमचाच असतो असंही नाही. ली रॉबिन्स या अमेरिकन संशोधक बाईंनी सेंट लुईसमधल्या बालमार्गदर्शन क्लिनिकमध्ये आलेल्या पाचशेहून जास्त मुलांचा तीस वर्षांनी माग काढला, ते काम १९६६ ला छापून आलं. असे वागणारे मोठे लोक लहानपणीही जवळपास नेहमी तसेच होते, पण तसं वागणारी बहुतेक मुलं मोठेपणी तशी झाली नाहीत! म्हणून लहान वयात आईबापांना सोबत घेऊन केलेल्या कामाला एवढं महत्त्व आहे. मोठेपणी या विकारावर म्हणून खास गोळी नाहीये, पण सोबतचं व्यसन, डिप्रेशन यावर उपचार होतात, आणि चाळिशीनंतर बऱ्याच जणांचं गुन्हे-मारामारीचं प्रमाण कमी होतं.

राहिला तुझा प्रश्न. एकटं बसून तुला बरं वाटत असेल, पुस्तक, गाणी, झोप सगळं छान चालू असेल तर तो तुझा स्वभाव आहे, मावशी-काकू काही का म्हणेनात. पण तू मध्येच एक ओळ लिहिलीयेस की व्हायवाच्या आदल्या रात्री उलटी होते आणि मेसमध्ये सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं म्हणून डबा वर नेते. ती ओळ मी दोनदा वाचली. जावंसं वाटतं पण भीतीने पाय उचलत नाही, असं असेल तर ती सोशल अँग्झायटी असू शकते आणि त्यावर खरंच चांगले उपचार आहेत. आधी आवडायचं आणि हल्लीच सगळं नको झालंय असं असेल तर तेही सांग, ती वेगळी गोष्ट. कॉलेजच्या काउन्सेलरकडे जा नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. क्विझचा स्कोअर सांगू नकोस त्यांना, व्हायवाच्या आदल्या रात्रीचं सांग.