काका, मी वाचतेय

"मॅडम, मी माणूसघाणी आहे का हो?"

ठाण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न थोड्याफार फरकाने बरेच जण विचारतात. या वेळी विचारणाऱ्या बाई चाळिशीतल्या, एका ऑफिसात हिशेब सांभाळणाऱ्या. (लिहायला त्यांची हरकत नाही, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. तलावाचा विषय निघाला तो दुसऱ्या भेटीत, निघता निघता, पर्स खांद्याला अडकवताना. खरी गोष्ट पुष्कळदा अशी दाराशीच निघते.

घर दोन खोल्यांचं, माणसं पाच. म्हणून ऑफिस सुटल्यावर पाचपाखाडीतल्या कचराळी तलावाच्या बाकावर पाऊण तास वाचायचं आणि मग भाजी घेऊन घरी, असा त्यांचा नेम. पुस्तकं मराठी ग्रंथसंग्रहालयाची. १८९३ पासूनची ही संस्था, आणि या बाई लग्न होऊन ठाण्यात आल्यापासून तिथल्या सभासद. पावसाळा सरला तसे एक निवृत्त गृहस्थ त्याच बाकावर येऊन बसायला लागले. पहिल्या दिवशी "काय वाचताय?" दुसऱ्या दिवशी "गाव कुठलं तुमचं?" आठवड्याभरात आडनाव, मिस्टर कुठे असतात, मुलगा कितवीला, इथवर मजल. काकांच्या बायपासची कहाणी तीनदा ऐकून झाली. एकच पुस्तक मात्र दोनदा मुदत वाढवूनही संपेना.

"मग तुम्ही काय करायचात?"

"हं, हं करायचे. आणि पानात बोट घालून बसायचे." टेबलावरची माझी डायरी उचलून त्यांनी ते करूनही दाखवलं. तर्जनी पानांत रुतलेली, मान काकांकडे, ओठांवर हसू. बोट म्हणतंय मला परत जायचंय, चेहरा म्हणतोय बोला ना. आता समोरचा माणूस बोट कशाला बघेल?

मी आधी एक सल्ला दिला, तो फसला. म्हटलं, कानात इअरफोन घाला. काकांनी हाताने खूण केली, "काढा, काढा, एक गंमत सांगतो." आणि यांनी काढले. मग यांनी स्वतःच्या डोक्याने बहाणे सुरू केले. डोकं दुखतंय, तर काकांनी बामाचं नाव सुचवलं. ऑफिसची परीक्षा आहे, तर रोज "अभ्यास कुठवर आला?" कारण दिलं की त्या कारणावर बोलणं सुरू होतं, हे मला आधीच सांगायला हवं होतं.

शेवटी काका म्हणाले, माझ्याकडेही खूप पुस्तकं आहेत, नंबर द्या. यांनी दिला, शेवटचा आकडा बदलून. त्या दिवसापासून तलावावर जाणं बंद, आणि झोपही गेली. भीती काकांची नव्हतीच. आपलं खोटं पकडलं जाईल याची होती.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये एक साधी गोष्ट नोंदवली होती: अनोळखी माणसं एकमेकांची नजरेने जराशी दखल घेतात आणि मग मुद्दाम नजर काढून घेतात. ते दुर्लक्षही सभ्यपणाच. आपल्याकडे मात्र "कुठले तुम्ही?" विचारणं हाच सभ्यपणा. काका मला खलनायक वाटले नाहीत. घरी त्यांचं ऐकून घेणारं कुणी नसावं. पण त्यांच्या एकटेपणाचा हप्ता या बाईंच्या पाऊण तासातून का जावा? अनोळखी माणसाशी बोललं की प्रवास जास्त छान होतो, असं शिकागोच्या प्रवाशांवरच्या २०१४ च्या एका संशोधनात दिसलं होतं. बोलायला बिचकणाऱ्यांना मी ते आवर्जून सांगते. पण ती गोष्ट एका फेरीपुरती होती; रोज संध्याकाळी तोच माणूस आणि तीच चौकशी, अशी नव्हे.

मग आम्ही सराव केला. मी काका झाले. वाक्य एकच: "काका, मी वाचतेय. आत्ता बोलणार नाही." पुढे 'कारण' नको, 'सॉरी' नको. पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, त्याच आवाजात. पहिल्या चार वेळा त्या वाक्य संपताच गोड हसल्या. चहा नको म्हणायचं आणि कप पुढे करायचा, तसं ते. पाचव्यांदा हसू आलं नाही, डोळ्यांत पाणी आलं. थांबलो, पाणी प्यायलो, पुन्हा केलं.

एक गोष्ट त्यांना बजावली, ती इथेही सांगते. स्पष्ट नाही म्हटल्यावरही कुणी मागे येत असेल, पुन्हापुन्हा गाठत असेल, तर वाक्यांचा सराव करत बसायचं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये बाईने उघड अनिच्छा दाखवल्यावरही तिचा असा पाठलाग करणं हा गुन्हा आहे. माणसांत जायचं, ११२ लावायचा.

इथे तशी वेळ आली नाही. त्या गेल्या, बसल्या, काका आले. वाक्य म्हटलं. "बरं बरं, वाचा." दोन मिनिटं शांतता. "पण लेखक कोण?" पुन्हा तेच वाक्य. काका उठले, "हल्ली माणुसकी राहिली नाही" असं काहीसं पुटपुटले आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

"मग वाचलंत?"

"कसलं! एकच पान चारदा. हात थरथरत होते."

पुढच्या आठवड्यात अकरा पानं झाली. काका आता ट्रॅकवर चालताना लांबूनच मान हलवतात, याही हलवतात. नंबराचं कुणी काढलं नाही.

शेवटच्या भेटीत त्या झोपेबद्दल बोलल्याच नाहीत. आदल्या रात्री स्वयंपाकघरात पाटावर बसून वाचत असताना सासूबाई आल्या आणि नणंदेच्या घरचं सांगू लागल्या. "मी म्हटलं, आई, मी वाचतेय. आत्ता नको."

"मग?"

"काही नाही. तिथेच बसल्या, कुकरच्या शिट्ट्या मोजत."