केबल काढल्यावर काय चालू राहते?

सप्रेम नमस्कार,

आपण बुटीबोरीतील कारखान्यात देखभाल विभागात आहात, आपला मुलगा नागपुरात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि एज कम्प्युटिंग शिकण्यासाठी पुण्यातील सहा महिन्यांच्या महागड्या कोर्सचा त्याने हट्ट धरला आहे. त्यासाठी कर्ज काढावे का, असे आपण विचारले आहे. विषय त्याने चांगला निवडला आहे, परंतु आज कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एज कम्प्युटिंग म्हणजे माहिती दूर न पाठवता जागेवरच हाताळणे. त्यासाठी मोटरचे तापमान आणि कंपन मोजून निर्णय घेणारा छोटा संगणक यंत्राशेजारीच बसवतात, त्याला नोड म्हणतात. असे शेकडो नोड ठिकठिकाणी विखुरलेले असले की त्यांवर कोणते सॉफ्टवेअर चालावे, नवी आवृत्ती आधी कोणत्या चार-पाच नोडवर तपासावी आणि कोणता नोड गप्प झाला आहे, हे क्लाउडमधून, म्हणजे दूरच्या सर्व्हरवरून, एका जागी बसून सांभाळावे लागते. असे अनेक संगणक एकत्र सांभाळणारी आणि २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली कुबरनेटीस ही प्रणाली डेटा सेंटरच्या भरवशाच्या नेटवर्कसाठी घडली. कारखान्यात किंवा कोळसा खाणीत नेटवर्क तुटणारच, हे गृहीत धरून क्यूबएजसारखी साधने पुढे आली.

हा फरक मुलाने घरीच अनुभवावा. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि केथ्रीएस ही कुबरनेटीसची हलकी आवृत्ती बसवावी, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक नोड म्हणून जोडावा आणि त्यावर केथ्रीएसमार्फत तापमान नोंदवणारा छोटा प्रोग्राम चालवावा. मग नेटवर्कची केबल काढावी. थोड्याच वेळात लॅपटॉपवर तो नोड 'नॉट रेडी' दिसेल, तरीही रास्पबेरी पायवरची नोंद सुरूच राहील. आता केबल न लावता रास्पबेरी पायची वीज बंद करून पुन्हा सुरू करावी, जसे मे महिन्यात आपल्याकडे वीज गेल्यावर आपोआप घडते. या वेळी प्रोग्राम उठणार नाही, कारण काय चालवायचे हे विचारायला लॅपटॉपवरचा सर्व्हरच समोर नाही. क्यूबएजचा नोड मात्र त्या सूचना स्वतःजवळच्या छोट्या डेटाबेसमध्ये जपून ठेवतो, त्यामुळे तो संपर्काविनाही काम पुन्हा सुरू करतो. हे ज्याने स्वतः करून पाहिले आहे आणि कारणासह सांगू शकतो, त्याचे बोलणे मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा अधिक वजनदार ठरते.

पहिली नोकरी 'एज' याच नावाने मिळेल, अशी खात्री मी देणार नाही. नागपूरच्या मिहानमध्ये असो वा पुण्यात, सुरुवात बहुधा क्लाउड सपोर्ट किंवा लिनक्सच्या कामापासून होईल आणि ती या क्षेत्राची योग्य पायरी आहे. म्हणून लिनक्स आणि नेटवर्किंग आधी पक्के व्हावे.

आणखी एक विनंती. बेअरिंग जाण्याआधी मोटरचा आवाज कसा बदलतो, हे आपल्याला कानाने कळते. नोडने नेमके काय मोजावे, हे मुलाला आपल्याइतके नीट कोणी शिकवू शकणार नाही. कारखान्याची परवानगी मिळाल्यास त्याला एक दिवस सोबत न्यावे.

सेमिस्टरच्या परीक्षेनंतर त्याने हा प्रयोग करून तारीखवार नोंदी ठेवल्या, की त्या आणि कोर्सचा अभ्यासक्रम दोन्ही मला पाठवा. कोर्समध्ये त्याला न आलेले काही शिकवत असतील, तर पैशांचा विचार तेव्हा करू.